पगार घेणारे कॉम्प्युटर

१९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने लिहिलेल्या एका शोधनिबंधात कॉम्प्युटरविषयी काही वाक्यं आहेत. आज ती वाचताना चक्रावायला होतं. कॉम्प्युटर कागदावर आकडे मांडतो. तो कागद लहान मुलांच्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा आहे असं धरू या, असं ट्युरिंग म्हणतो. कॉम्प्युटर पुढच्या क्षणी काय करणार हे त्याच्या नजरेसमोरच्या चिन्हांवर आणि त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर ठरतं. पुढे तर ट्युरिंग त्याला रजाच देतो. कॉम्प्युटरने काम मध्येच टाकून उठून जावं, सगळं विसरून जावं, नंतर परत येऊन पुढे सुरू करावं, काही हरकत नाही. फक्त उठण्याआधी पुढचं काम कसं करायचं याची चिठ्ठी त्याने लिहून ठेवायला हवी.

मूळ इंग्रजीत या कॉम्प्युटरला पुरुषाचं सर्वनाम लावलेलं आहे, निर्जीव वस्तूचं नाही. मराठीत यंत्रालाही आपण 'तो कॉम्प्युटर'च म्हणतो, त्यामुळे भाषांतर केलं की नेमकी हीच खूण पुसली जाते. ट्युरिंगच्या डोळ्यांसमोरचा कॉम्प्युटर हा हाडामांसाचा माणूस होता. पेन्सिल, कागद आणि ठरलेले नियम घेऊन बसलेला. संगणकशास्त्राचा पाया समजल्या जाणाऱ्या निबंधात 'कॉम्प्युटर' म्हणजे माणूस, ही ट्युरिंगची लहर नव्हती. तेव्हा त्या शब्दाचा रुळलेला अर्थच तो होता.

त्यानंतर १४ वर्षांनी, १९५० साली, याच ट्युरिंगने यंत्रांना विचार करता येईल का या प्रश्नावर दुसरा निबंध लिहिला. डिजिटल कॉम्प्युटर म्हणजे काय हे समजावताना तो म्हणतो की मानवी कॉम्प्युटरला जी जी कामं करता येतात ती सगळी पार पाडण्यासाठी ही यंत्रं आहेत. 'मानवी कॉम्प्युटर'! १९३६ मध्ये ज्याला कुठलंही विशेषण लागत नव्हतं, त्याला आता लागायला लागलं होतं. यंत्राच्या मागेही अजून 'डिजिटल' होतंच, म्हणजे नुसता 'कॉम्प्युटर' हा शब्द त्या वर्षी कुणाच्याच मालकीचा नव्हता. एखाद्या शब्दाचा अर्थ सरकतो आहे का, हे ओळखायची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच. विशेषण कुणाला लावावं लागतंय ते बघायचं. ज्याला लावावं लागत नाही, शब्द त्याचा.

या शब्दाचं मूळ लॅटिन 'कोम्पुतारे'. त्यातल्या 'पुतारे' या धातूचे लॅटिनमध्ये दोन अर्थ सापडतात: झाडाची किंवा वेलाची छाटणी करणं, आणि हिशेब करणं किंवा समजणं. शस्त्रक्रियेत अवयव कापण्याला 'अ‍ॅम्प्युटेशन' म्हणतात ते पहिल्या अर्थावरून, आणि 'डिस्प्यूट', 'रेप्युटेशन' हे शब्द दुसऱ्यावरून. 'कोम्पुतारे' इंग्रजीत दोन वाटांनी आला. लोकांच्या तोंडून घासत, जुन्या फ्रेंचमधून आला तो 'काउंट' झाला. विद्वानांच्या पोथ्यांतून जवळजवळ जसाच्या तसा उचलला गेला तो 'कम्प्यूट'. आपल्याकडे 'कार्य' आणि 'काज' ही जशी एकाच घरची तत्सम-तद्भव भावंडं, तशीच ही जोडी. आणि आपल्यासारखाच तिथेही तत्सम शब्द शिष्टांच्या कामाला लागला.

ते काम होतं कालगणनेचं. ख्रिस्ती जगात ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार गाठायचा, म्हणजे सूर्य, चंद्र आणि आठवड्याचे वार या तिघांचा मेळ घालायचा. या गणिताच्या शास्त्राला मध्ययुगात 'कोम्पुतुस' म्हणत. बीड नावाच्या इंग्लंडमधल्या मठवासी विद्वानाने ७२५ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. अधिक मासाचा हिशेब ज्यांच्या घरात होतो त्यांना हे प्रकरण वेगळं समजावून सांगायला नको.

'कॉम्प्युटर' हा शब्द इंग्रजीत छापलेला सापडतो तो १६१३ सालचा. रिचर्ड ब्रॅथवेट या लेखकाने 'काळाचा सर्वांत खरा कॉम्प्युटर' असा उल्लेख केला आहे, आणि त्याच वाक्यात त्याला आजवर श्वास घेतलेल्यांतला सर्वोत्तम अंकगणिती म्हटलं आहे. काळ आणि गणना ही जुनी जोडी इथेही सुटलेली नाही. १७०४ मध्ये जोनाथन स्विफ्टच्या लिखाणातही एक 'फार कुशल कॉम्प्युटर' भेटतो. पण या काळात तो शब्द म्हणजे हुद्दा नव्हे. हिशेब करू शकणारा कुणीही कॉम्प्युटर, जसा पुस्तक हातात धरणारा कुणीही वाचक.

शब्दाचा पहिला मोठा बदल झाला तो याला पगार मिळू लागला तेव्हा.

भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कळणं अठराव्या शतकात खलाशांसाठी जिवावरचं काम होतं. एक उपाय होता चंद्राचा. चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर बऱ्यापैकी वेगाने सरकतो, म्हणून ठरावीक ताऱ्यापासून त्याचं अंतर मोजलं तर ग्रिनिचला आत्ता किती वाजले असतील ते काढता येतं. मात्र त्यासाठी चंद्र कधी कुठे असेल याची कोष्टकं आधी तयार हवीत. नेव्हिल मॅस्केलाइन या राजज्योतिर्विदाने १७६७ सालापासूनचं नाविक पंचांग काढायला घेतलं, तेव्हा हे गणित करणारी माणसं त्याने नेमली. त्यांचं नाव: कॉम्प्युटर.

ही मंडळी वेधशाळेत बसत नसत. इंग्लंडभर आपापल्या गावी, घरी बसून काम करत, आणि सूचना आणि उत्तरं टपालाने ये-जा करत. एका कॉम्प्युटरने चंद्राची दुपारची स्थानं काढायची, दुसऱ्याने मध्यरात्रीची. मग तिसरा माणूस, त्याला 'कम्पेअरर' म्हणत, दोन्ही मालिका एकत्र लावून लागोपाठच्या आकड्यांमधले फरक तपासायचा. फरक गुळगुळीत बदलत गेले तर ठीक. एखादा आकडा उसळला तर तिथे चूक. दोघा कॉम्प्युटरांनी एकमेकांचे आकडे उतरवून काम उरकायचा प्रयत्न केला, तो या तपासणीतच पकडला गेला आणि दोघांची गच्छंती झाली. गणनयंत्रांच्या इतिहासात कॉपीची परंपराही इतकी जुनी आहे.

याच यादीत लडलो गावच्या जॉन एडवर्ड्स यांचं नाव होतं. १७८४ मध्ये ते वारले, आणि मग उघड झालं की त्यांच्या नावावरचं बरंचसं गणित त्यांची पत्नी मेरी करत होती. मॅस्केलाइनने काम पुढे मेरीच्या नावाने चालू ठेवलं. नंतर त्यांच्या मुलीनेही हेच काम केलं.

फ्रान्समध्ये क्रांतीनंतर याहून मोठा प्रयोग झाला. नव्या दशमान पद्धतीसाठी लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीची प्रचंड कोष्टकं हवी होती आणि ते काम गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे आलं. टाचणी बनवण्याचं काम लहान लहान टप्प्यांत वाटलं की उत्पादन कसं वाढतं हे अ‍ॅडम स्मिथने लिहून ठेवलं होतं. प्रोनीने ठरवलं, आपण लॉगॅरिदमही टाचण्यांसारखे काढायचे. वर मूठभर नामांकित गणिती, त्यांनी सूत्रं निवडायची. मधे काही जाणकार, त्यांनी सूत्रांचं रूपांतर पायऱ्यांमध्ये करायचं. आणि तळाशी साठ ते ऐंशी माणसं, ज्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही यायची गरज नव्हती. हे जमलं ते 'फरकांच्या पद्धती'मुळे. कोणतंही गुंतागुंतीचं कोष्टक छोट्या टप्प्यांत मोडलं की आधीच्या ओळीतल्या फरकांची बेरीज करत करत पुढची ओळ मिळते. सतरा मोठे हस्तलिखित खंड असे भरले.

चार्ल्स बॅबेजने या प्रयोगाचं महत्त्व ओळखलं. तळाच्या माणसाला फक्त बेरीज यायला हवी असेल तर त्या जागी दातेरी चाकं का बसवू नयेत? त्याच्या 'डिफरन्स इंजिन'मधलं 'डिफरन्स' म्हणजे हेच फरक. आणि इथे शब्दाकडे लक्ष द्यायला हवं: बॅबेजने आपल्या यंत्राला 'इंजिन' म्हटलं, 'कॉम्प्युटर' नाही. त्याच्या काळात कॉम्प्युटर म्हणजे माणूस हे इतकं पक्कं होतं की यंत्राला ते नाव द्यायचं कारणच नव्हतं. 'यंत्रांनी माणसांचं काम हिरावलं' असं सरसकट म्हटलं जातं, ते मला या बाबतीत अर्धवट वाटतं. काम आधी यांत्रिक झालं. यंत्र आलं ते नंतर, तयार करून ठेवलेल्या खुर्चीवर बसायला.

आता ही खुर्ची हिंदुस्थानातही होती. १८०२ साली मद्रासहून सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने उपखंडावर त्रिकोणांचं जाळं विणत नेलं. प्रत्येक त्रिकोणाचे कोन मोजायचे, पृथ्वीची वक्रता धरायची, हवेमुळे किरण वाकतो त्याची दुरुस्ती करायची आणि मग बाजूंची लांबी काढायची. मोजणीपेक्षा गणितच जास्त. १८३१ साली या खात्यात कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचा राधानाथ सिकदार नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लागला. हुद्दा: कॉम्प्युटर. सर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट त्याच्या गणितावर खूश होते. १८४९ पर्यंत सिकदार कलकत्त्यात 'चीफ कॉम्प्युटर' झाले होते.

हिमालयातल्या 'शिखर १५' या नावाने नोंदलेल्या टोकाचे वेध साधारण तेव्हाच घेतले गेले. नेपाळमध्ये शिरायला परवानगी नव्हती, त्यामुळे हे वेध दीडशेहून जास्त किलोमीटर दूर मैदानात उभं राहून, सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले. इतक्या अंतरावरून येणारा प्रकाश वेगवेगळ्या घनतेच्या हवेतून वाकत येतो आणि शिखर आहे त्याहून उंच दिसतं. ही वाकण्याची दुरुस्ती किती धरायची, यावर शेकडो फुटांचा फरक पडतो. म्हणजे शिखर दुर्बिणीत दिसलं ते मैदानात, पण ते जगातलं सर्वांत उंच आहे हे 'दिसलं' ते कचेरीतल्या कागदावर. १८५६ मध्ये सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी जाहीर केलेली उंची होती २९,००२ फूट. २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे २९,०३१ फुटांच्या किंचित वर. कागद, टाक आणि लॉगॅरिदमची पुस्तकं एवढ्यावर केलेल्या गणितात चूक पडली ती साधारण तीस फुटांची.

सिकदार धावत वॉ यांच्या खोलीत शिरले आणि 'साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं' असं म्हणाले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण सिकदार तेव्हा कलकत्त्यात आणि वॉ डेहराडूनला. धावण्याच्या मानाने अंतर जरा जास्तच. शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. १८५१ मध्ये निघालेल्या सर्वेक्षणाच्या अधिकृत मार्गदर्शक ग्रंथात सिकदारांच्या मदतीचा उल्लेख होता. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या १८७५ च्या आवृत्तीतून तो गाळला गेला. कॉम्प्युटर हा श्रेयाचा हुद्दा नव्हता. आकडे देणाऱ्याचं नाव आकड्याला चिकटत नाही, हे तेव्हापासूनचं.

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकात केरो लक्ष्मण छत्रे सहायक म्हणून चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदींचं काम करत होते. पुढे १८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत काढली. ती फ्रेंच कोष्टकांच्या आधारे केलेली होती. हुद्द्याने ते कॉम्प्युटर नसतील, पण त्यांच्या हातचं काम त्याच जातीचं होतं: दुसऱ्याला गणित करावं लागू नये म्हणून स्वतः करून ठेवलेलं गणित.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला आणखी एक छटा चढली. ग्रिनिचच्या वेधशाळेत कॉम्प्युटर म्हणजे शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं, कमी पगारावर घेतलेली. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत कॉम्प्युटर म्हणजे स्त्रिया. संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्याकडे ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या काचा ढिगाने येत होत्या आणि तासाला पंचवीस ते पन्नास सेंटवर हुशार बायका मिळत होत्या. त्यांच्यातल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंग यांच्या घरी कामाला होत्या. अ‍ॅनी जंप कॅनन यांनी लाखो ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवलं की सेफिड जातीच्या ताऱ्यांचा प्रकाश कमी-जास्त होण्याचा काळ जितका मोठा, तितका तो तारा मुळात तेजस्वी. विश्वातली अंतरं मोजायची फूटपट्टी हाती आली ती या 'कॉम्प्युटर'कडून. या काळापासून अमेरिकेत तरी कॉम्प्युटर हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे बाई उभी राहू लागली. दुसऱ्या महायुद्धात तर अशा गणनाकामाच्या हजार तासांना कुणीतरी 'किलोगर्ल' असं एकक बहाल केलं होतं. विनोद होता, पण शब्दाचा अर्थ कुठवर आला होता ते त्यातून कळतं.

या माणसांच्या कॉम्प्युटरचं सर्वांत भव्य स्वप्न पाहिलं ते लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. हवामानाचा अंदाज समीकरणं सोडवून काढता येईल, ही कल्पना त्याने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करता करता कागदावर करून पाहिली. निवडला २० मे १९१० हा दिवस; सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल एवढंच काढायचं होतं. त्याला साधारण सहा आठवडे लागले आणि उत्तर आलं १४५ मिलिबारची वाढ. एवढी वाढ पृथ्वीवर होतच नाही. त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. दुसरा कुणी असता तर त्याने ते कागद चुलीत घातले असते. रिचर्डसनने १९२२ साली सगळं चुकीसकट छापलं, आणि वर एक कल्पनाचित्रही काढलं.

एक अवाढव्य नाट्यगृह. भिंतींवर आणि सज्ज्यांवर जगाचा नकाशा रंगवलेला. छताला उत्तर ध्रुव, वरच्या सज्ज्यात इंग्लंड, तळाला अंटार्क्टिका. प्रत्येक प्रदेशाच्या जागी त्या प्रदेशाचं हवामान सोडवत बसलेले कॉम्प्युटर, एकूण ६४,०००. मधोमध उंच खांबावरच्या चौथऱ्यावर एक सूत्रधार. ज्या प्रदेशाचं गणित पुढे पळतंय त्याच्यावर तो गुलाबी प्रकाशाचा झोत टाकणार, जो मागे रेंगाळतोय त्याच्यावर निळा. आज हवामानाची प्रारूपं चालवताना पृथ्वीचे चौकोन पाडून ते हजारो प्रोसेसरांना वाटून देतात आणि सगळ्यांना एका तालात ठेवतात. रिचर्डसनने ती रचना शंभर वर्षांपूर्वी मांडली होती, फक्त प्रोसेसरच्या जागी त्याने माणसं बसवली होती. 'कॉम्प्युटर' हा शब्द त्याच्या परिच्छेदात आहे तसा ठेवला तर आजच्या वाचकाला काही खटकणारही नाही. अर्थ बदलला आणि वाक्य तरीही खरं राहिलं, असं क्वचित घडतं.

६४,००० नाही, पण साडेचारशेच्या आसपास माणसं न्यूयॉर्कमध्ये खरोखरच बसली. महामंदीत बेकारांना काम द्यायचं म्हणून १९३८ साली तिथे गणिती कोष्टकांचा सरकारी प्रकल्प निघाला. गणिताची बाजू गरट्रूड ब्लांच सांभाळत होत्या. बहुतेकांचं गणित शाळेपुरतंच, त्यामुळे ऋण संख्या समजावत बसण्याऐवजी त्यांनी रंग वापरले: धन आकडे काळे, ऋण आकडे लाल. काळ्यात काळा मिळवला तर उत्तर काळं, लालात लाल मिळवला तर लाल. काळा आणि लाल एकत्र आले तर? कागद दुसऱ्या गटाकडे द्यायचा. पहिल्या गटाला फक्त बेरीज माहीत असायची, वजाबाकी हा दुसऱ्या गटाचा प्रांत. ट्युरिंगचा तो चौकटींचा कागद आणि 'पुढचं काम कसं करायचं'ची चिठ्ठी इथे शब्दशः अस्तित्वात होती. कॉम्प्युटरने काय करायचं हे पूर्णपणे लिहून देता येतं, त्याने समजून घ्यायची गरज नाही, हे ट्युरिंगने गणिताने दाखवलं. ब्लांच यांच्या खोलीत ते रोज घडत होतं.

मग यंत्रं आली, आणि नावांचा गोंधळ उडाला. विजेवर चालणारं गणनयंत्र आणि त्यासमोर बसलेली बाई, दोघंही कॉम्प्युटर. बेल लॅब्जमधले जॉर्ज स्टिबिट्झ यांनी १९४५ च्या फेब्रुवारीत एका अहवालात सरळ जाहीर करून टाकलं: या अहवालात कॉम्प्युटर म्हणजे यंत्र, माणसांना आम्ही 'ऑपरेटर' म्हणणार. शब्दाचे अर्थ सहसा नकळत सरकतात, कुणी तारीख घालून हलवत नाही. इथे मात्र हलवणाऱ्या हाताची निशाणी कागदावर सापडते. एकट्या स्टिबिट्झमुळे हे झालं असं अर्थातच नाही, पण त्याने केलेली वाटणी टिकली. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत दाखले काढून देणाऱ्या कर्मचाऱ्याचा हुद्दा आज 'संगणक परिचालक' असा असतो, ती त्याच वाटणीची मराठी पावती.

वर्षभराने, १९४६ च्या फेब्रुवारीत, फिलाडेल्फियात 'इनियाक' जगाला दाखवण्यात आलं. अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब, वजन सुमारे तीस टन. तोफगोळ्याचा एक मार्ग काढायला टेबलावरच्या यंत्रावर माणसाला वीसेक तास लागत. इनियाकला अर्धा मिनिट. त्याच्या लांबलचक नावाचा शेवटचा शब्द 'कॉम्प्युटर' होता. आणि ते चालवायला, म्हणजे त्याच्या तारा जोडून त्याला गणित समजावायला, निवडलेल्या सहा तरुणी आदल्या दिवसापर्यंत स्वतः कॉम्प्युटर होत्या, त्याच विद्यापीठात तोफगोळ्यांचे मार्ग हाताने काढणाऱ्या. आपलं नाव यंत्राला देऊन त्या प्रोग्रॅमर झाल्या, फक्त 'प्रोग्रॅमर' हा शब्द त्या अर्थाने तेव्हा रुळलेला नव्हता.

यंत्राला कॉम्प्युटरच म्हणायचं, हे मात्र अजून ठरायचं होतं. हार्वर्डच्या १९४४ च्या यंत्राच्या नावात 'कॅल्क्युलेटर' होतं, केंब्रिजच्या १९४९ च्या 'एडसॅक'मध्येही शेवटी 'कॅल्क्युलेटर'च. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेलं, १९६० मध्ये चालू झालेलं यंत्र म्हणजे 'टिफ्रॅक'. १९६२ मध्ये नेहरूंनी ठेवलेल्या या नावातला शेवटचा 'क'देखील 'कॅल्क्युलेटर'चाच. छत्रे जिथे नोंदी करत होते त्या कुलाब्यातच हे यंत्र उभं राहिलं. फ्रान्समध्ये आयबीएमने १९५५ साली जाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांना विचारलं की या नव्या यंत्राला काय म्हणावं. त्यांनी सुचवलं 'ऑर्दिनातर', म्हणजे व्यवस्था लावणारा. धर्मग्रंथांत जगाची व्यवस्था लावणाऱ्या ईश्वरासाठी हा शब्द वापरत, असंही त्यांनी पत्रात कळवलं. फ्रेंचांनी तो आनंदाने घेतला. इंग्रजीत यंत्राला कारकुनाचं नाव मिळालं, फ्रेंचमध्ये देवाचं.

आपला 'संगणक' या दोहोंत इंग्रजीच्या बाजूला बसतो. संस्कृतात 'गणक' म्हणजे हिशेब करणारा किंवा ज्योतिषी, म्हणजे माणूसच. इंग्रजीचा 'अर' हा प्रत्यय काम करणारा माणूस आणि काम करणारी वस्तू यांत भेद करत नाही. 'प्रिंटर' आधी छापखान्यातला माणूस होता, 'टाइपरायटर' हा शब्द एकेकाळी टंकलेखक बाईंसाठीही वापरत. मराठीतला 'क'ही तसाच: लेखक, गायक, मुद्रक ही माणसं, चुंबक ही वस्तू. दार दोन्हीकडे उघडं असलं की शब्दाला पलीकडे जायला फारसं काही लागत नाही. पण दार उघडं असणं आणि प्रत्यक्षात जाणं वेगळं. 'टीचर' अजून माणूसच आहे.

माणसांचे कॉम्प्युटर एका रात्रीत गेले नाहीत. कॅथरीन जॉन्सन १९५३ मध्ये अमेरिकेतल्या लँग्ली प्रयोगशाळेत लागल्या त्या कृष्णवर्णीय स्त्री-कॉम्प्युटरांच्या वेगळ्या गटात. १९६२ च्या फेब्रुवारीत अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघायचा होता, तेव्हा त्याचा मार्ग आयबीएमच्या यंत्राने काढला होता. ग्लेनने आग्रह धरला की त्या बाईंकडून आकडे तपासून घ्या. जॉन्सन यांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रावर तेच गणित हाताने केलं, आकडे जुळले, मग तो उडाला. शकुंतला देवींनी १९८० मध्ये लंडनला तेरा-तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला, तोवर शब्द पूर्ण उलटला होता. त्यांना जग 'मानवी कॉम्प्युटर' म्हणत होतं. मॅस्केलाइनला ही पदवी ऐकून प्रश्न पडला असता की कॉम्प्युटर मानवी नाही तर आणखी कसला असणार.

गेल्या वीस वर्षांत हा शब्द वेगळ्याच दिशेने आखडतो आहे. खिशातला फोन इनियाकच्या कित्येक पट गणित करतो, पण त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. कॉम्प्युटर म्हणजे कीबोर्ड असलेलं, टेबलावर ठेवायचं ते. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्झने आयफोन दाखवला आणि त्याच दिवशी कंपनीच्या 'अ‍ॅपल कॉम्प्युटर' या नावातला दुसरा शब्द काढून टाकल्याचं सांगितलं. आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या लिखाणात विशेषणाचा खेळ पुन्हा सुरू झाला आहे. क्वांटम कॉम्प्युटर आल्यापासून तुमच्याआमच्या टेबलावरच्या यंत्राचा उल्लेख त्यांना 'क्लासिकल कॉम्प्युटर' असा करावा लागतो. सध्या विशेषण दोघांनाही लागतं, १९५० च्या निबंधात लागत होतं तसंच.